शिट्टी वाजली की थांबायचं

पेंटबॉल खेळायला आलेला माणूस आधी बंदूक हातात घेतो आणि बराच वेळ तिच्याकडेच बघत राहतो. वजन किती, नेम कसा धरायचा, गोळ्या किती मिळणार, लागलं तर कितपत लागतं, सगळे प्रश्न बंदुकीचे. मास्कबद्दल फारसं कुणी विचारत नाही. तो हातात पडतो तसा डोक्यावर चढवायचा, मागचा पट्टा ओढायचा आणि मोबाइलमध्ये आपण कसे दिसतो ते बघून घ्यायचं. माझी या खेळाशी ओळख झाली ती भाचरांमुळे. कधी मैदानाच्या कडेला उभी राहून, कधी आत उतरून मी तो बघत गेले, तसतसं माझं लक्ष बंदुकीवरून उडालं. आता मला तिथे दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: तो मास्क, आणि तो कुणाच्या चेहऱ्यावरून हलू नये म्हणून शिट्टी घेऊन उभा असलेला मार्शल. मास्क कारखान्यात तयार होतो. मार्शलचा शब्द मात्र आपण गिऱ्हाइकं मिळून तयार करायचा असतो, आणि त्यात आपण फार कमी पडतो.

मास्क जवळून बघण्यासारखा असतो. कपाळापासून हनुवटीखालपर्यंत आणि मागे कानांवरून जाणारं कडक प्लास्टिक, तोंडासमोर श्वासासाठी तिरप्या फटी, आतून कपाळाला आणि गालांना टेकणारा फोम. हा फोम बहुतेक वेळा आधीच्या गटाच्या घामाने ओलसर असतो, आणि नाकाला ते लगेच कळतं. समोरची एकसंध काच पॉलिकार्बोनेटची. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीतले हर्मन श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधले डॅनियल फॉक्स यांना, एकाचा दुसऱ्याला पत्ता नसताना, हे द्रव्य साधलं. जोराचा घाव बसला तर ते फुटण्याऐवजी वाकतं. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणांतही तेच होतं. पण दोन गोष्टी त्याला सोसत नाहीत, ओरखडा आणि चुकीचं रसायन. घरातल्या खिडक्या पुसायच्या अमोनियावाल्या फवाऱ्याने ते पुसत राहिलं तर आतून कमजोर होत जातं, वरून मात्र लखलखीत दिसतं. म्हणून जाणत्या मैदानावर मास्क पुसायला साधं पाणी आणि मऊ कापड ठेवलेलं असतं. जवळून गोळी बसलेली किंवा जुनी झालेली काच बदलून टाकतात. पेंटबॉलच्या मास्कसाठी अमेरिकेत एएसटीएम एफ १७७६ नावाचं स्वतंत्र मानक आहे. मोटारसायकलचा गॉगल किंवा वेल्डिंगच्या दुकानातला चष्मा या खेळाला चालत नाही, कारण तो या गोळीसाठी तपासलेलाच नसतो.

एवढा खटाटोप डोळ्यासाठी. माझी धाकटी बहीण डोळ्यांची डॉक्टर आहे, आणि मुलांना या खेळाला पाठवण्याआधी तिने मला जेवणाच्या टेबलावर कागद-पेन्सिल घेऊन जे समजावलं ते मी विसरलेले नाही. डोळा साधारण २४ मिलिमीटरचा. तो हाडांच्या खोबणीत मागे सरकवून बसवलेला आहे. खोबणीचं तोंड सुमारे ४० मिलिमीटर रुंद, ३५ मिलिमीटर उंच, आणि भोवती भुवईचं, गालाचं, नाकाचं हाड. क्रिकेटचा चेंडू सात सेंटिमीटरहून जाड असतो. तो तोंडावर आला तर बराचसा मार हा हाडांचा कठडा झेलतो. हाड मोडेल, पण डोळा वाचायची पुष्कळ आशा असते. पेंटबॉलची गोळी १७ मिलिमीटरची. तिला कठडा आडवा येतच नाही. ती सरळ खोबणीत शिरते आणि आपला सगळा जोर डोळ्यावर रिकामा करते. लहान मुलांसाठी काही ठिकाणी याहूनही बारीक, हलक्या गोळ्या वापरतात. त्या अंगाला कमी लागतात हे खरं, म्हणून आईवडिलांना त्या सुरक्षित वाटतात. पण खोबणीत शिरायला त्यांना आणखी सोपं जातं. मास्कच्या बाबतीत त्यांनाही तसूभर सूट नाही.

गोळीचं वजन तीन ग्रॅमच्या आसपास. वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी सेकंदाला ३०० फूट धरतात, आणि बहुतेक मैदानं बंदुका त्याच्याही खाली लावून ठेवतात. ३०० फूट म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. दहा मीटरवरून निघालेली गोळी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या थोडं पुढेमागे पोचते. पापणी मिटायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो, आणि मिटली तरी त्या पातळ कातडीचा या माऱ्यापुढे काय निभाव लागणार! दंडावर बसली तर कवच फुटतं, रंग पसरतो आणि कातडीवर काही दिवस निळं वर्तुळ राहतं. डोळ्यावर बसली तर डोळा क्षणभर पुढून मागे चेपला जातो आणि बाजूंनी फुगतो. तेवढ्या क्षणात बुबुळाची कड फाटू शकते, पुढच्या कप्प्यात रक्त साचू शकतं, भिंग जागचं हलू शकतं, मागचा पडदा सुजू किंवा सुटू शकतो. बहिणीने कागदावर हे एकेक काढून दाखवलं आणि शेवटी म्हणाली, "ताई, यातलं काही दुखतं, काही दुखतही नाही. काचबिंदू तर कित्येक वर्षांनी येतो, तोवर माणूस तो मार विसरूनही गेलेला असतो." डोळ्यांचे डॉक्टर कित्येक वर्षं या खेळातल्या इजांबद्दल लिहीत आले आहेत, आणि त्यांच्या नोंदींमध्ये एकच गोष्ट फिरून फिरून येते. इजा झालेल्या बहुतेकांच्या चेहऱ्यावर त्या वेळी मास्क नव्हता. काहींनी तो घातलाच नव्हता, आणि काहींनी जरासा वर केला होता.

हा धडा विटीने आपल्याला आधीच दिलेला आहे. दोन्ही टोकांना निमुळती, खोबणीत सहज शिरणारी ती लाकडी विटी आणि तिने गेलेले डोळे भारतातल्या नेत्रतज्ज्ञांना चांगले ओळखीचे आहेत. माझ्या आजोळी शेजारी राहणारे एक काका मान किंचित डावीकडे वळवून बोलायचे. आम्हा मुलांना ती त्यांची लकब वाटायची. उजव्या डोळ्याने त्यांना दिसत नव्हतं, आणि ती विटी त्यांच्या सगळ्यात जिवलग दोस्ताने मारली होती. दोघं म्हातारपणापर्यंत रोज संध्याकाळी पारावर एकत्र बसत. काकांना मी कधी त्याबद्दल तक्रार करताना ऐकलं नाही. पण विटीदांडूचा डाव दिसला की त्यांचा तो दोस्त उठून दुसरीकडे जाऊन बसायचा. दुसऱ्याच्या खेळात आपला डोळा जाणं हे मोठं दुःख आहेच. आपल्या हातून मित्राचा डोळा जाणं हे त्याहून लहान दुःख असेल असं मला वाटत नाही.

विटीदांडूत डोळ्यांवर काही घालायची रीत कधी नव्हतीच. पेंटबॉलमध्ये ती पहिल्या दिवसापासून होती. तो दिवस २७ जून १९८१. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकरच्या रानात बारा जण उतरले. वाद दोन मित्रांचा. हेज नोएल हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला. त्याचं म्हणणं, शहरात तावून निघालेला माणूस रानातही तरून जाईल. लेखक चार्ल्स गेन्स म्हणे, रानात रानाची सवय असलेलाच टिकणार. निकाल लावायला साधन मिळालं ते शेतीच्या सामानाच्या एका कॅटलॉगमध्ये. नेल्सन पेंट कंपनीचं नेलस्पॉट ००७ हे पिस्तूल वनकर्मचारी झाडांवर आणि गुराखी गुरांवर लांबून रंगाची खूण करायला वापरत. त्यांचा मित्र बॉब गर्न्सी याने नियम बसवले: रानात ठेवलेले झेंडे गोळा करायचे, वाटेत रंग लागला की बाद. तेव्हाचा रंग तेलाचा होता, कपड्यांवरून उतरवायला टर्पेंटाइन लागायचं. बारा जणांच्या डोळ्यांवर होते कारखान्यातले साधे गॉगल. आजच्या मापाने ते अपुरेच. तोंडभर येणारे मास्क नंतर आले. पण काय लागेल, किती लागेल याचा अंदाज नसतानाही त्यांनी डोळे आधी झाकले, याचं मला फार कौतुक वाटतं. जिंकला रिची व्हाइट, जंगलातच काम करणारा माणूस. त्याने सगळ्या खेळात एकही गोळी झाडली नाही.

मुळशीच्या बाजूला एक मैदान आहे. डिसेंबरात आम्ही तिथे गेलो होतो, भाचा, भाची आणि त्यांचे शाळेतले मित्रमैत्रिणी. डोंगराच्या पायथ्याशी सपाट केलेला तुकडा, मधे मातीने भरलेले ट्रकचे टायर, बांबूचे आडोसे, रंगाने माखलेली पिंपं, आणि चारही बाजूंनी उंच हिरवी जाळी. मार्शल विशीतला मुलगा, शेजारच्याच गावचा. चार महिने पाऊस धरून असतो तेव्हा मैदान बंद राहतं आणि तो घरच्या शेतात भाताच्या लावणीला जातो. पावसात गोळ्याही टिकत नाहीत, हे त्यानेच सांगितलं. कवच जिलेटिनचं असतं, औषधाच्या मऊ कॅप्सूलसारखं. दमट हवेत ते फुगतं, गोळी गोल राहत नाही, मग ती नळीतच फुटते नाहीतर भलतीकडे जाते. उलट गारठ्यात कवच कडक आणि ठिसूळ होतं. अशी गोळीही नळीतच फुटू शकते. जमिनीवर पडलेल्या गोळ्या उचलून परत भरायच्या नाहीत, हे त्याने मुलांना दोनदा बजावलं. पोरांना त्या फुकटच्या वाटतात. त्या दवाने फुगलेल्या असतात, वर चिकटलेली माती नि खडा वेगळाच.

खेळाआधी त्याने प्रत्येक बंदूक गोळीचा वेग मोजणाऱ्या छोट्या क्रोनोग्राफसमोर धरून एकेक गोळी झाडली. आकडे आले: २६५, २७२, २६८. एका बंदुकीचा २९० आला. ती त्याने बाजूला ठेवली, मागचा स्क्रू किल्लीने फिरवला, पुन्हा झाडली, २७० आला तेव्हाच भाच्याच्या हातात दिली. उन्हात ठेवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये दाब वाढतो आणि सकाळी ठीक असलेली बंदूक दुपारी जोरात मारू लागते, म्हणून तो जेवणानंतर परत तपासतो. सिलिंडरला मुलांनी हात लावायचा नाही हाही त्याचा नियम. सिलिंडर बंदुकीपासून सोडवायला जावं आणि चुकून झडपच सिलिंडरपासून सुटावी, तर सिलिंडर तोफेच्या गोळ्यासारखा उडतो. अमेरिकेत अशाने माणसं दगावली आहेत.

मग तो मास्कवर आला. हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. "जाळीच्या आत पाऊल टाकायच्या आधी मास्क खाली. जाळीच्या बाहेर गेल्यावर वर. मधे काही नाही. घाम आला, काचेवर वाफ धरली, चष्मा घसरला, किडा शिरला, काहीही झालं तरी मास्कला हात लावायचा नाही. जागेवर खाली बसायचं, हात वर करायचा, मला हाक मारायची. मी येतो." मुलं मान हलवत होती. मुलं अशी मान नेहमीच हलवतात.

दुसऱ्या डावात भाचीच्या काचेवर वाफ धरली. ती चष्मा लावते, त्यामुळे दोन काचा, दोन वेळा वाफ. हे का होतं ते आपण सगळे जाणतो: धावून धावून गरम झालेला ओला श्वास थंड काचेला लागतो. महाग मास्कला दोन पदरी काच असते, मधे हवेचा थर, त्यामुळे आतला पदर तितका थंड राहत नाही. भाड्याच्या मास्कला बहुतेक एकच पदर. मी जाळीबाहेरून बघत होते. ती टायरच्या मागे बसली होती आणि तिला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. समोरून गोळ्या येत होत्या, टायरवर टप टप फुटत होत्या. दिसेनासं झालं की माणसाचा हात आपोआप डोळ्यांकडे जातो. ते शहाणपणावर अवलंबून नसतं, शरीरच ते करतं. तिचा हातही गेला. अंगठा मास्कच्या खालच्या कडेपर्यंत पोचला होता.

शिट्टी वाजली. एकच, लांब. सगळं मैदान थांबलं, सगळ्या नळ्या खाली गेल्या. मार्शल धावत आला, तिच्या आणि समोरच्या संघाच्या मधे पाठ करून उभा राहिला आणि आपला पसरलेला तळहात तिच्या काचेसमोर धरला. रागावला नाही. "ताई, हात खाली. मी आहे. चल." तसाच, तळहात काचेसमोर ठेवून, तिला एकेक पाऊल चालवत त्याने जाळीच्या दारापर्यंत आणलं, दाराबाहेर काढलं, दार लावलं, आणि मग म्हणाला, "आता काढ." शिट्टी वाजून सगळे थांबले होते, तरी त्याने तिला आत मास्क काढू दिला नाही. मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, "काकू, शिट्टी सगळ्यांना ऐकू आली असेल असं मी धरत नाही. कुणाचं बोट ट्रिगरवर राहिलेलं असतं."

धोका संपला असं न धरणारं हे वाक्य मला क्रिकेटपटू रमण लांबांपाशी घेऊन गेलं. फेब्रुवारी १९९८, ढाक्यातला क्लबचा सामना. लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षणाला उभे राहिले. हेल्मेट घाल असं त्यांना सुचवलं गेलं. षटकातले थोडेच चेंडू उरले होते, तेवढ्यासाठी कशाला, म्हणून त्यांनी हेल्मेट घेतलं नाही. जोरात मारलेला चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, ते गेले. वय ३८. किंवा मार्क बाउचर: ९ जुलै २०१२, इंग्लंडमध्ये टाँटन, दौऱ्याचा पहिलाच सामना. फिरकी चालू होती, म्हणून यष्टीमागे हेल्मेट नव्हतं. त्रिफळा उडाला आणि उडालेली बेल डाव्या डोळ्यात शिरली. १४७ कसोट्या खेळलेला यष्टिरक्षक दुसऱ्या दिवशी निवृत्त झाला. बेल किती मोठी असते? विटीची सख्खी बहीणच. वेगवान गोलंदाजी चालू असती तर दोघांनीही कदाचित डोक्याचा विचार आधी केला असता. धोका मोठा दिसतो तेव्हा आपण सांभाळून असतो. धोका लहान वाटतो, थोडाच वेळ उरलेला असतो, आणि शरीर थकून म्हणतं की आता पुरे, तिथे घात होतो. पेंटबॉलच्या मैदानावर अशा जागा ठरलेल्या आहेत: वाफ धरली तेव्हा, आपण बाद होऊन बाहेर चालत असताना, डाव संपल्यावर एकमेकांना मिठ्या मारताना, आणि फोटो काढताना.

बाद झालेल्याने बंदूक डोक्यावर धरून, मास्क तसाच ठेवून जाळीपर्यंत चालत जायचं आणि बाहेर पडायच्या आधी नळीवर कापडी कव्हर चढवायचं. हे कव्हर म्हणजे जाड कापडाची छोटी पिशवी, दोरीने बंदुकीच्या मागच्या बाजूला अडकवलेली, म्हणजे चुकून गोळी सुटली तरी ती पिशवीतच फुटते. मला या साध्या पिशवीत या खेळाची सगळी सभ्यता दिसते. मास्क मी माझ्या डोळ्यासाठी घालते. कव्हर घालते ते बाकावर बसून पाणी पिणाऱ्या, मास्क काढून घाम पुसणाऱ्या कुणा अनोळखी माणसाच्या डोळ्यासाठी. त्याने माझ्याकडे बघितलेलंही नसतं. त्याला कळणारही नाही की मी त्याचं काही राखलं.

ज्या खेळात ही पिशवी नसते तो खेळ मला आवडत नाही, मग तो आपल्या सणातला का असेना. होळीच्या दिवसांत मुंबईत रुळांलगतच्या वस्त्यांतून धावत्या लोकलवर पाण्याने भरलेले फुगे मारले जातात. दारात उभ्या असलेल्या, खिडकीशी बसलेल्या बाईच्या डोळ्यावर तो फुगा गाडीचाही वेग घेऊन येतो. दरवर्षी रेल्वे पोलिसांना वस्त्यांमधून फिरून समजवावं लागतं. त्या बाईने खेळायला होकार दिलेला नसतो, तिच्या तोंडावर मास्क नसतो, शिट्टी वाजवणारं कुणी नसतं. पेंटबॉलमध्ये मला जी गोष्ट मनापासून पटते ती हीच, की इथे समोरच्याने खेळायला होकार दिलेला असतो, आणि त्या होकाराला काही अटी आहेत.

त्या अटी राखतो तो मार्शल. आणि आपल्याकडची खरी अडचण इथेच आहे. मुलांची वेळ संपल्यावर एका कंपनीचा गट आला. हसतखेळत, चांगली माणसं. त्यांच्यातले एक वरिष्ठ साहेब, चाळिशीपुढचे, डाव ऐन रंगात असताना पिंपामागे बसून मास्क कपाळावर सरकवून सेल्फी काढू लागले. शिट्टी वाजली. मार्शल धावला आणि म्हणाला, "सर, मास्क." साहेब म्हणाले, "दोन सेकंद रे." तो म्हणाला, "सर, आधी मास्क." साहेब हसले. "अरे, इथे माझ्याकडे कुणी नेम धरलेला नाही. काही होत नाही, मी सांगतोय ना!"

"मी सांगतोय ना" या तीन शब्दांत आपली सगळी उतरंड आली. सांगणारे साहेब, ऐकणारा रोजंदारीवरचा पोरगा. साहेबांच्या हाताखाली पन्नास माणसं असतील. पोराच्या हातात शिट्टी. रस्त्यावरच्या वाहतूक पोलिसापासून इमारतीच्या रखवालदारापर्यंत, नियम सांगणाऱ्याचा पगार आपल्यापेक्षा कमी असला की तो नियम आपल्याला विनंती वाटू लागतो. मैदानवालेही मार्शलला बळ देत नाहीत, कारण गिऱ्हाईक दुखावलं तर पुढचं बुकिंग जातं. आणि आत शिरताना सगळ्यांकडून सही करून घेतलेला "माझ्या जबाबदारीवर" असा कागद असतोच. त्या कागदाने मैदानाचा मालक कितपत सुरक्षित होतो ते वकील जाणोत. त्याने एकही डोळा वाचत नाही. डोळा वाचतो तो त्या पोराचं साहेबांनी ऐकण्यावर.

तो पोरगा हलला नाही. साहेबांसमोर, समोरच्या संघाकडे पाठ करून, मघाशी भाचीसमोर उभा राहिला होता तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मास्क घाला, नाहीतर बाहेर चला. तोवर खेळ बंद." त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, पण तो किंचित थरथरत होता. ते मला जाळीबाहेरून ऐकू आलं. अर्धा मिनिट कुणीच काही बोललं नाही. मग त्यांच्याच गटातली एक तरुण मुलगी टायरमागून ओरडली, "सर, तो बरोबर बोलतोय!" आणखी एकदोघांनी री ओढली. साहेबांनी मास्क खाली घेतला. खेळ सुरू झाला. त्या मुलीचा त्या क्षणी मला फार अभिमान वाटला, ती माझी कुणी नसताना.

चहाच्या टपरीवर मार्शल भेटला तेव्हा बाही वर करून त्याने आपला दंड दाखवला. जुनी पिवळट, नवी निळी, अशी वर्तुळंच वर्तुळं. दोन्ही संघांच्या मधे सगळ्या डावांत तोच असतो, सगळ्यात जास्त गोळ्या त्यालाच बसतात. मी त्याला बहिणीने सांगितलेलं सांगितलं, कारण मैदानावर हे माहीत असलेला एक तरी माणूस हवा. कुणाच्या डोळ्याला लागलंच तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, पाण्याचे हबके मारायचे नाहीत. कागदी पेल्याचा तळ कापून तो डोळ्याला न टेकवता भोवतीच्या हाडावर धरायचा आणि थेट डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं. दिसतंय म्हणून घरी पाठवायचं नाही. आतून रक्त आलं असेल तर पुढच्या चार-पाच दिवसांत ते पुन्हा येऊ शकतं. आणि एकदा असा मार बसला की आयुष्यभर दरवर्षी डोळ्याचा दाब तपासून घ्यायचा. त्याने मोबाइलवर हे सगळं लिहून घेतलं. जवळच्या डोळ्यांच्या दवाखान्याचा नंबरही बहिणीला फोन करून मी त्याला मिळवून दिला, आणि रस्ता किती मिनिटांचा आहे ते आम्ही दोघांनी नकाशावर बघितलं.

निघताना काउंटरवर अभिप्रायाची वही होती. आधीची पानं "मस्त अनुभव" आणि "जेवण छान" यांनी भरलेली. मी पान भरून लिहिलं. गाड्या लावायच्या बाजूची जाळी खालून सुटली आहे, तिथे लहान मुलं खेळतात, ती आजच बांधून घ्या. चष्मा असलेल्यांसाठी दोन पदरी काचेचे चार तरी मास्क आणा. कड्याच्या वरच्या अंगाला आग्यामोहोळ आहे, त्या दिशेने गोळ्या जातील असा एकही आडोसा ठेवू नका. आणि बुकिंगच्या पावतीवर, मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत छापा की मैदानावर मास्क काढणाऱ्याला मार्शल बाहेर काढील आणि त्याचे पैसे परत मिळणार नाहीत. हे वाचून, सही करून आत आलेल्या माणसाशी त्या मुलाला एकट्याने वाद घालावा लागू नये. खाली मी माझं नाव आणि फोन नंबर लिहिला, आणि पुढच्या डिसेंबरात बुकिंग करताना ही पावती बघूनच पैसे भरीन असंही लिहिलं.